जेसीबीचा केक घरी जमेल का?

गोदाकाठची:
लेकाचा चौथा वाढदिवस रविवारी. गल्लीत ड्रेनेजचं काम सुरू झाल्यापासून त्याला जेसीबीशिवाय काही सुचत नाही, जेवणसुद्धा गॅलरीतच. केक जेसीबीचाच हवा, तोही "बकेटसकट"! मागच्या वर्षी बेकरीत हत्ती सांगितला तर डुक्कर आलं, म्हणून यंदा घरीच करतेय. काल तालमीचा केक कापायला घेतला, नुसता भुगा. त्यात नाशिकचा मे. क्रीम टिकेल?

सिडकोवाली:
ताई, ताजाच कापलात ना? आदल्या दिवशी भाजा, गार झाला की गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. मग दातेरी सुरीने कापा. भुगा क्रीममध्ये कालवून केबिनचे कोपरे लिंपा. चाकं ओरिओची. पिवळा रंग जेलचाच घ्या, पाण्याच्या रंगाने क्रीम सैल पडतं.

पंचवटीचे आजोबा:
खाली माती हवीच! चॉकलेटची बिस्किटं कुटून पसरा. आमच्या नातवाने केक सोडून मातीच खाल्ली.

गोदाकाठची:
आणि बकेट?

सिडकोवाली:
केकची नको, मोडते. फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याची करा, दोन दिवस आधी, आणि पंख्याखाली वाळवा. फ्रीजमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्यावर घाम सुटतो. दांड्याला वेफर रोल. केक मात्र मेणबत्त्या लावायच्या वेळीच बाहेर काढा, लोण्याचं क्रीम या उन्हाळ्यात दम धरत नाही.

गोदाकाठची:
झाला एकदाचा! दांडा वाकला शेवटी. मी हिरमुसले, तर चिरंजीव म्हणे, "आई, तो खणतोय."