'अश्लील', 'विकृत', 'शृंगारिक' : एकाच कादंबरीला इतके शब्द का?

प्रश्न (विजापूर रोड; लिहिणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांचा राहण्याचा भाग दिला आहे)

आमच्या भागात चार घरांनी मिळून चालवलेला छोटा वाचनकट्टा आहे. देणगीत आलेल्या गठ्ठ्यातून एक इंग्रजी कादंबरी कपाटात गेली आणि वाचकांत सरळ दोन तट पडले. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण माझा प्रश्न पुस्तकाबद्दल नाही, त्यावर लिहिल्या गेलेल्या शब्दांबद्दल आहे. कथा परदेशात घडते. एका बाईचा पाठलाग करणारा पुरुष, त्याला घाबरणारी आणि तरी त्याच्याकडे ओढली जाणारी ती, मधे एक खून. शरीरसंबंधांची वर्णनं उघड आहेत आणि त्यातली काही जबरदस्तीची. मुखपृष्ठावर 'डार्क इरॉटिक थ्रिलर' असं ठसठशीत छापलेलं आहे, त्यामुळे फसवणूक झाली असं कुणाला म्हणता येणार नाही.

आमच्या अभिप्राय वहीत एरवी 'छान' आणि 'वाचनीय' यापुढे गाडी जात नाही. या पुस्तकाखाली मात्र पानं भरली. 'अत्यंत अश्लील.' 'शृंगारिक पण दर्जेदार.' 'विकृत लिखाण.' 'आंबटशौकिनांची सोय.' 'हातातून खाली ठेववली नाही.' 'निम्म्यापुढे वाचवली नाही.' एकाने 'अश्लील' खोडून वर 'धाडसी' लिहिलं, दुसऱ्याने 'धाडसी' खोडून पुन्हा 'अश्लील'. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि कपाटावर मराठीत चिठ्ठी लावायची तर काय लिहू?

साखर पेठ

ताई, शाळेत मराठी-संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल. 'अश्लील' हा शब्द मुळात लैंगिक नाही. 'श्री' म्हणजे शोभा, ती ज्यात आहे ते 'श्रील'. र चा ल झाला की 'श्लील'. ऋग्वेदात गाईंच्या सूक्तात याचा जुना भाऊ 'अश्रीर' भेटतो. तिथे त्याचा अर्थ कळाहीन, रूप गेलेला असा आहे. गाई अशा माणसालाही देखणा करतात, असं ऋषी म्हणतो. त्यात कुठे लाज नाही की शरीर नाही.

पुढे साहित्यशास्त्रात तो काव्यदोष झाला. मम्मट या जुन्या शास्त्रकाराने 'काव्यप्रकाश' या संस्कृत ग्रंथात त्याचे तीन प्रकार सांगितले : व्रीडा, म्हणजे लाज वाटायला लावणारा, जुगुप्सा, म्हणजे किळस आणणारा, आणि अमंगल, म्हणजे अशुभ सुचवणारा. आज आपण पहिलाच प्रकार धरून बसलो आहोत. तुमच्या वहीत 'अश्लील' लिहिणाऱ्यांना एकेकट्याला गाठून विचारा. एकाला शरीराच्या उघड्या वर्णनाची लाज वाटली असेल. दुसऱ्याला रक्त आणि शय्या एकाच पानावर आल्याची किळस आली असेल. तिसऱ्याला वर्णनाचं काहीच वाटलं नसेल, पण पाठलाग करणाऱ्यालाच प्रियकर केलं, हे घरात ठेवू नये असं वाटलं असेल. तक्रारी तीन, शब्द एक. वाद मिटणार कसा?

कन्ना चौक

सर, आमच्या आजीनं एका शब्दात मिटवला असता. 'वंगाळ हाय, ठिव तिकडं.' पुस्तक असो, शिवी असो, नासलेलं दूध असो, सगळं वंगाळ. हा तुमच्या तीनपैकी कुठला?

साखर पेठ

उत्तम काढलात. 'वंगाळ' आणि 'ओंगळ' एकाच घरातले, आणि त्यांचं मूळ संस्कृत 'अमंगल' धरतात. म्हणजे उगम तिसऱ्या प्रकारात. पण बोलीत तो किळसेपर्यंत पसरला आणि लाजेलाही जरासा टेकला. आजींच्या शब्दात मम्मटाचे तिन्ही प्रकार मावतात.

रंगभवन

मी वकिली करतो म्हणून एक हरकत नोंदवतो. मम्मट जो दोष सांगतो तो शब्दाचा आहे : बोलताना एखादं पद नको तो अर्थ सुचवून जातं, तो प्रकार. अख्ख्या कादंबरीच्या विषयाला तो लावणं म्हणजे कलम ताणणं झालं.

कायद्यातला 'अश्लील' हा तर तिसराच प्राणी. भारतीय दंड संहितेतलं २९२ वं कलम आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत २९४ झालं आहे. तिथला प्रश्न 'मला लाज वाटली का' हा नाही. ज्यांच्या हाती पुस्तक पडण्याचा संभव आहे त्यांची मती ते भ्रष्ट करील का, आणि तेही संपूर्ण कृती पाहून, असा तो प्रश्न आहे. मराठी वाचकाला याचं घरचं उदाहरण आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, तिच्यावर खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. समाजाची मोजमापं झपाट्याने बदलत आहेत, असंही त्या निकालात नोंदवलं आहे. तेव्हा वहीत 'अश्लील' लिहिणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की हा शब्द आरोपपत्रातलाही आहे. 'मला आवडलं नाही' असं म्हणायचं असेल तर मराठीत तसंच म्हणायची सोय आहे.

साखर पेठ

हरकत मान्य, पण ताणायला हरकत नाही! शब्दांचे अर्थ ताणूनच वाढले. 'चावट' घ्या. जुन्या मराठीत 'चावटी' म्हणजे नुसती वायफळ बडबड. आज चावट विनोद म्हटल्यावर कुणाला बडबड आठवते?

होटगी रोड

'शृंगारिक पण दर्जेदार' असं लिहिणारी मी नाही, पण 'हातातून खाली ठेववली नाही' ती मीच. मला 'शृंगारिक' हा शब्द या पुस्तकाला अगदी चुकीचा वाटतो. शृंगारिक म्हटलं की लावणी, चांदणं, मोगरा असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे तो माणूस तिच्या घराच्या किल्ल्या चोरतो. मी ते घाबरत वाचलं, आणि घाबरायचं होतं म्हणूनच वाचलं. पुस्तकातली भीती आपल्या हातात असते, पान मिटलं की संपते. रात्री रेल्वे स्टेशनवरून एकटीने रिक्षाने येतानाची भीती मिटता येत नाही. वहीत ज्यांनी आम्हाला 'आंबटशौकीन' म्हटलंय त्यांनी ही भीती कधी अनुभवली आहे का, एवढंच विचारायचंय. आणि 'पण दर्जेदार' मधला तो 'पण' कशाला? शृंगार दर्जेदार नसतो असं आधीच ठरलंय का?

अशोक चौक

त्या 'पण'वर तुम्ही बोट ठेवलंत ते फार बरं झालं. मुद्रितं तपासण्याचं काम करतो, असले 'पण' रोज दिसतात : 'विनोदी पण विचार करायला लावणारं', 'ग्रामीण पण आधुनिक'. लिहिणाऱ्याचा आकस उभयान्वयी अव्ययात लपून बसतो.

'आंबटशौकीन' बद्दल : हा शब्द पुस्तकाचं वर्णनच करत नाही, तो वाचणाऱ्याला टोला आहे. 'विकृत' आणखी घसरडा. कथेतला पुरुष विकृत? लिहिणारी विकृत? की वाचून मजा आली तो विकृत? वाक्यात विशेष्य नाही म्हणून लिहिणारा निसटतो. मूळ अर्थ पाहिला तर विकृत म्हणजे मूळ रूप बदललेलं, बिघडलेलं. 'त्या पुरुषाच्या मनाची विकृती नेमकी उतरली आहे' आणि 'विकृत पुस्तक' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य चक्क स्तुतीचं आहे. खुनाबद्दल लिहिणाऱ्याला कुणी खुनी म्हणत नाही, मग इथेच हा शब्द लेखिकेपर्यंत का पोचतो ते मला कळत नाही.

आणखी एक, कुणी 'कामुक कादंबरी' असं लिहिलं असेल तर तेही तपासून घ्या. कामुक म्हणजे ज्याच्या मनात काम आहे तो. माणूस कामुक असतो, पुस्तक फार तर कामोत्तेजक. रूढीने 'कामुक कथा' चालू झालं आहे, त्याला इलाज नाही, पण चिठ्ठीवर तरी नको.

साखर पेठ

होटगी रोडच्या ताईंचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. शृंगाराचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून असणारी भावना, रती, म्हणजे प्रेमाची ओढ, आणि ती दोन्हीकडून असावी लागते. एकीकडूनच असेल, शास्त्राच्या भाषेत 'अनुभयनिष्ठ' असेल, तर त्याला शृंगार म्हणत नाहीत, शृंगाराभास म्हणतात. विश्वनाथाने साहित्यदर्पणात हे स्पष्ट सांगितलं आहे. पाठलाग करणाऱ्याचं प्रेम हे त्याचं चोख उदाहरण. शिवाय त्याच ग्रंथात शृंगाराचे वैरी रस दिले आहेत : करुण, बीभत्स, रौद्र, वीर, भयानक. तुमचं 'इरॉटिक थ्रिलर' म्हणजे शृंगार आणि भयानक यांना एका ताटात वाढणं. काहींना ते पंगतीतून उठवणार आणि काहींना बोटं चाटायला लावणार, हे ठरलेलंच.

होटगी रोड

सर, पण 'आभास' म्हटलं की खोटं, नकली असं वाटतं. म्हणजे मला जे वाटलं ते खोटं?

साखर पेठ

नाही. तिथेच लोक घसरतात. विश्वनाथच म्हणतो, 'सर्वेऽपि रसनाद्रसाः'. रस, भाव, त्यांचे आभास, सगळ्यांचा आस्वाद घेता येतो म्हणून सगळे रसच. आभास म्हणजे वाचणाऱ्याचा आनंद नकली नव्हे. ज्या प्रेमाचं वर्णन आहे त्यात खोट आहे, एवढंच. पुस्तक वाचून गुंगून जाणं वेगळं आणि हे प्रेम आहे असं मान्य करणं वेगळं. तुमच्या वहीतले दोन्ही तट नेमके इथेच एकमेकांना चुकताहेत. आवडली म्हणणारा त्या पुरुषाला माफ करतोय असं दुसऱ्यांना वाटतं, आणि नावडली म्हणणारा सोवळा आहे असं पहिल्यांना.

मात्र एक बोच राहतेच, ती लपवत नाही. शेवटी नायिकेलाही ओढ वाटते, म्हणजे रती 'उभयनिष्ठ' झाली, असं कथा दाखवते. भीतीतून उगवलेली ओढ दोन्हीकडची धरायची का, यावर प्राचीनांकडून मला आधार सापडत नाही. माझं मत विचाराल तर धरू नये.

होटगी रोड

माझंही तेच मत आहे. पण कादंबरी मला तो प्रश्न विचारते म्हणून ती मला आवडली.

अशोक चौक

माझ्या लेखी या वहीतले सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय दोनच आहेत, आणि दोन्ही एकाच व्याकरणात आहेत. 'ठेववली नाही' आणि 'वाचवली नाही'. ही शक्य क्रियापदं. 'मी वाचली नाही' म्हणजे ठरवून वाचली नाही. 'मला वाचवली नाही' म्हणजे वाचायला बसलो, पण मनानं किंवा पोटानं नकार दिला. तसंच 'ठेवली नाही' आणि 'ठेववली नाही'. दोन्ही वाचकांचा ताबा सुटला, एकाचा मिटण्यावरचा, दुसऱ्याचा पुढे जाण्यावरचा. दोघांनीही पुस्तकाला नाव ठेवलेलं नाही की दुसऱ्या वाचकाला. स्वतःचं काय झालं तेवढं सांगितलं. मराठीत एका 'व' वर हे काम होतं, आणि आपण विशेषणं शोधत बसतो.

कन्ना चौक

'वाचवली नाही' म्हणजे बुडताना वाचवली नाही असं पण होतंय की ओ!

अशोक चौक

होतंय. नायिकेबद्दल तेही खरंच आहे.

अक्कलकोट रोड

आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि कारखान्यात दोन्हीची खिचडी. पुस्तक बहिणीनं आणलं होतं. आईनं मुखपृष्ठ बघून एकच शब्द टाकला, 'बूतु'. तेलुगूत शिवीगाळ पण बूतु आणि असली वर्णनं पण बूतु. तिथे लाज आणि किळस वेगळी काढायची सोय नाही. बहीण म्हणाली, अगं यात भीती जास्त आहे. आई म्हणाली, मग बाहेर भीतीच लिहायची ना, ते चित्र कशाला? मला आईचं पटलं. चिठ्ठी लावणार असाल तर आत काय आहे ते लिहा, कसं आहे ते लिहू नका.

रंगभवन

मातोश्रींना वकिली जमली असती.

विजापूर रोड

सगळ्यांचे आभार. मला जे कळलं ते असं की वहीतले बरेचसे शब्द 'कसं आहे' सांगणारे होते आणि प्रत्येकाचं 'कसं' निराळं होतं. 'डार्क' साठी 'काळोखी', 'गडद', 'कृष्ण' असे शब्द कट्ट्यावर सुचवले गेले. 'गडद थरारकथा' म्हटलं की रंगाच्या दुकानात आल्यासारखं वाटतं असं एका मावशींनी सांगितल्यामुळे तो बेत सोडला. चिठ्ठी अशी करतेय : 'थरारकथा. सज्ञान वाचकांसाठी. पाठलाग, खून आणि जबरदस्तीच्या शरीरसंबंधांची उघड वर्णने आहेत.' विशेषण एकच, 'उघड', आणि त्यावर दोन्ही तटांचं एकमत आहे. वही तशीच राहील, कुणाचं काही खोडणार नाही. पण यापुढे खोडाखोड करणाऱ्याने खाली आपलं मत स्वतंत्र लिहावं, असं पहिल्या पानावर लिहून ठेवते.

अशोक चौक

चिठ्ठी चोख झाली आहे. पहिल्या पानावर लिहिणारच आहात तर तेवढं हेही लिहा : कुणाला 'बिभत्स' म्हणायचंच असेल तर बी दीर्घ, आणि 'शृंगार' लिहिताना श्र ला पुन्हा ऋकार लावू नये.