समुद्रापासून साडेसहाशे किलोमीटर: आपापल्या गावचा हिवाळा

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला असल्यामुळे हे राज्य उबदार आणि दमट आहे, अशी बाहेरच्या लोकांची समजूत असते, आणि किनाऱ्यापुरती ती खरीही आहे. मात्र अरबी समुद्रापासून सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर आत असलेल्या आमच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. हवामान विभागाच्या निकषांतही हा भेद मान्य केलेला आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी झाले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली गेले, तर थंडीची लाट मानली जाते. किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी हीच मर्यादा १५ अंशांची आहे.

नोकरी, शिक्षण, बदली आणि लग्न यांमुळे राज्याच्या बहुतेक सर्व भागांतील माणसे नागपुरात राहतात. त्यांनी आपल्या मूळ गावचा हिवाळा आणि इथला हिवाळा यांविषयी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. पारा किती उतरला एवढ्यावर कृपया थांबू नये. वारा कोणत्या दिशेने येतो, दव किती पडते, अंगणात ऊन केव्हा पोहोचते, कोणते पीक थंडीची वाट पाहते आणि कोणते तिच्याने करपते, हे तिथे हिवाळे काढलेल्या माणसालाच ठाऊक असते, आणि मला त्याचेच मोल अधिक वाटते.

सुरुवात मीच करतो. पुढे प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे गाव दिले आहे.

नागपूर, महाल

आमच्याकडच्या थंडीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे दिवस आणि रात्र यांच्यातील अंतर. डिसेंबरात दुपारी २८ अंशांचे ऊन असते आणि त्याच रात्रीच्या शेवटच्या प्रहरी पारा १० अंशांवर आलेला असतो. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता झपाट्याने सोडून देते आणि ती अडवून धरायला वर ढगही नसतात. म्हणूनच ढग आले की रात्रीची थंडी पळते. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात मिचाँग चक्रीवादळ आले, तेव्हा आम्ही हे पुन्हा अनुभवले. त्या ढगाळ, पावसाळी दिवसांत रात्री उबदार होत्या, पण ऊनच नसल्यामुळे दिवसभर अंगातली हुडहुडी गेली नाही. आमच्या घरातील मोठे बाबा अशा हवेला फार जपतात आणि माझेही मत तेच आहे, की नागपूरकराला कोरड्या थंडीपेक्षा बिनउन्हाचा दिवस अधिक सोसत नाही.

शहरात हिवाळा आल्याची खूण म्हणजे तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटरबाजार. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे, त्यामुळे या लोकांशी विदर्भाचे नाते जुने आहे. माझ्या बालपणापासून घरातले लोकरीचे कपडे त्यांच्याकडूनच येत आले आहेत.

राजापूर, सध्या प्रतापनगर, नागपूर

आमच्याकडे थंडीची चौकशी माणसांपेक्षा हापूसच्या झाडांसाठी अधिक होते. पावसाळा सरल्यावर जमिनीतली ओल उतरत जाते, पालवी जून होते, आणि त्यानंतर रात्रीचे तापमान खाली येऊन काही दिवस तसेच टिकले की मोहोर फुटतो. थंडी उशिरा पडली की आंबाही उशिरा येतो आणि बाजाराचा सुरुवातीचा चांगला भाव हातचा जातो. ढगाळ हवा तर त्याहून वाईट, कारण तिच्यात तुडतुडे वाढतात, ते मोहोरातला रस शोषतात, आणि फवारणीचा खर्च बागायतदाराचे कंबरडे मोडतो. नागपुरात आल्यानंतर अनेकांनी मला विचारले, की मग कडाक्याची थंडी तुमच्या फायद्याचीच असेल. तसे नाही. थंडी प्रमाणाबाहेर लांबली तर ज्या फांदीवर आधीच कणी, म्हणजे बारीक फळे, धरलेली असते तिच्यावरच पुन्हा मोहोर येतो, झाडाची शक्ती नव्या मोहोराकडे वळते आणि धरलेली फळे गळून पडतात. म्हणजे थंडी हवी, ती वेळेवर हवी आणि वेळेवर ओसरायलाही हवी.

वाऱ्यांविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, त्यामुळे पहाट गार असते. दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात आणि उष्मा फार वाढू देत नाहीत. परंतु जमिनीवरचा पूर्वेचा वारा जोर धरून राहिला की खारे वारे उशिरा पोहोचतात, आणि मग जानेवारी-फेब्रुवारीतही रत्नागिरीचे कमाल तापमान ३५ अंशांच्या वर जाते. त्याच दिवशी नागपुरात त्याहून पुष्कळ कमी तापमान असते. भर हिवाळ्यात बाबा गावाहून दूरध्वनीवर घामाच्या धारांविषयी बोलतात आणि इकडे आम्ही स्वेटर घालून ते ऐकत असतो. याच कोकणात दापोली समुद्रसपाटीपासून थोडी उंचावर असल्यामुळे तिथे किनाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक थंडी पडते, ही गोष्ट मात्र पर्यटकांच्या सहसा लक्षात येत नाही.

अलिबाग परिसर, सध्या बेसा

आमचा हिवाळा म्हणजे पोपटी. शेतात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला घालून वर शेंगा, बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी असे थर रचायचे, मडक्याचे तोंड त्याच पाल्याने बंद करून ते उपडे ठेवायचे आणि वरून पेंढा व पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंबही घालावा लागत नाही. नागपुरात वालाच्या शेंगा मिळतात, परंतु भांबुर्डा मला अजून सापडलेला नाही. कोणास ठाऊक असल्यास अवश्य सांगावे.

मुंबई, सांताक्रूझ, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या कामासाठी डिसेंबरात नागपूरला येणारी कर्मचारी

सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती आणि आमच्या आजीला ती सकाळ शेवटपर्यंत आठवत होती. माझ्या पिढीने मुंबईत तशी थंडी पाहिलेली नाही. पारा १६ अंशांवर आला तरी आमच्या इमारतीत कपाटांतल्या शाली बाहेर निघतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते. मुंबईत ते काही मोजक्या सकाळीच गोठलेले दिसते, तर नागपूरच्या निवासस्थानी बाटली रोज उन्हात ठेवल्याशिवाय तेल हाती येत नाही. इथल्या कोरड्या हवेने ओठ आणि टाचा फुटतात, हे पहिल्या वर्षी कोणीतरी आधी सांगायला हवे होते. मुंबईच्या हिवाळ्याची वाईट बाजूही लिहिली पाहिजे. या दिवसांत वारा मंद पडतो, जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, आणि बांधकामांची धूळ व वाहनांचा धूर शहरावरच साचून राहतो. शिवडीच्या खाडीत येणारे रोहित पक्षी पाहायला आम्ही दरवर्षी जातो, परंतु अलीकडे समोरचा किनाराही कित्येकदा धुरकटलेला असतो.

निफाड तालुका, सध्या वाडी, नागपूर

थंडीच्या बातम्यांत निफाडचे नाव दरवर्षी येते, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात होणारी नोंद राज्यातल्या सर्वांत कमी नोंदींपैकी असते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथे पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे आणि गोदाकाठचे मोकळे, सपाट शिवार यांमुळे पहाटेची थंडी फार तीव्र असते. गव्हाला ती मानवते, फुटवे चांगले येतात. द्राक्षबागेसाठी मात्र ती संकट घेऊन येते.

तापमान दहा अंशांच्या खाली राहू लागले की वेलीची वाढ मंदावते आणि मण्यांची फुगवण थांबते. पाणी उतरलेल्या, म्हणजे पक्व होत आलेल्या मण्यांना तडे जातात, आणि तडा गेलेला माल निर्यातीला चालत नाही. म्हणून शेतकरी पहाटे तीन-चार वाजता उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, जेणेकरून धूर व ऊब वेलींच्या थरात टिकून राहील, आणि ठिबकने विहिरीचे पाणी सोडतात, कारण ते पाणी हवेपेक्षा उबदार असते. माझ्या लहानपणी ही कामे घरातील सर्वजण करत. आई चुलीवर चहा ठेवून आम्हांला उठवायची, आणि धुराने डोळे चुरचुरत असतानाच शाळेची वेळ व्हायची. त्या काळात ढगाळ हवेचे आणि पावसाचे भय आजच्याइतके नव्हते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या अवकाळी पावसाने आणि गारपिटीने आमच्या तालुक्यातल्या द्राक्षबागा झोडपून काढल्या. थंडीशी झुंजता येते, रात्रभर जागून काही मणी वाचवता येतात. गारांपुढे शेतकऱ्याच्या हाती काहीही उरत नाही. नागपुरात कळमन्याच्या बाजारात द्राक्षे दिसली की मी अजूनही आधी मण्यांना तडे आहेत का, ते पाहतो.

रावेर, सध्या मेडिकल चौक

उन्हाळ्यात होरपळणाऱ्या जळगाव जिल्ह्यात थंडीही तितकीच जाणवते, यावर नागपूरकर सहज विश्वास ठेवतात, कारण त्यांचाही अनुभव तोच आहे. केळीला ही थंडी अजिबात सोसत नाही. पाने पिवळी पडतात, घडाची वाढ खुंटते, चरका पडतो, म्हणजे थंडीने फळाची साल बिघडते, आणि व्यापारी भाव पाडतात. हिवाळ्याचे सुख म्हणजे शेतातले भरीत. कपाशीच्या काड्यांवर हिरवी मोठी वांगी भाजायची, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर बांधावर बसून खायची. एवढ्यासाठी मी दरवर्षी जानेवारीत घरी जातो.

वाई; सध्या बजाजनगर

महाबळेश्वरात बर्फ पडला, असे दरवर्षी सांगितले जाते, त्याविषयी थोडे स्पष्टीकरण करावेसे वाटते. तिथे आकाशातून बर्फ पडत नाही. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल परिसरात निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार व जड हवा उतारावरून खाली येऊन साचते आणि पानांवर, गवतावर, गाड्यांच्या टपांवर पडलेले दव गोठते. त्याच पहाटे उंचावरच्या बाजारपेठेतला तापमापक कित्येकदा दहा अंशांच्याही वर असतो. अशा रात्री स्ट्रॉबेरीचे वाफे झाकून ठेवणाऱ्यांना ते पांढरे हिमकण पर्यटकांइतके सुंदर वाटत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

नागपूर, रुग्णालयातील परिचारिका

मी नागपूरचीच आहे. पिकांविषयी सर्वांनी लिहिले आहे, म्हणून मी माणसांविषयी लिहिते. दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण हिवाळ्यात पहाटे अधिक येतात, तेव्हा ज्येष्ठांनी ऊन आल्यावरच फिरायला जावे. कोळशाची शेगडी दारे-खिडक्या बंद करून खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. मजुरांच्या झोपड्यांत लहान मुले असतात, त्यांच्या आईवडिलांना ही गोष्ट आपण होऊन सांगावी, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

वडसा परिसर, सध्या हुडकेश्वर

झाडीपट्टीतल्या हिवाळ्याची कथा वेगळी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते आणि तिथून नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान कापून झालेले असते, हाती थोडा पैसा असतो, पाहुणे आलेले असतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, आणि हजारो माणसे उघड्या आभाळाखाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून, घोंगडी आणि चादरी पांघरून बसलेली असतात. आम्ही मुले आजीच्या चादरीत शिरून नाटक पाहत असू. जंगल आणि तलाव यांमुळे आमच्याकडे दव पुष्कळ पडते. मध्यरात्रीनंतर चादर वरून ओलसर लागते, तरी कोणी उठत नाही. त्या थंडीत गायक नट ज्या खड्या आवाजात पदे म्हणतात, ते ऐकल्यावर शहरातल्या बंद नाट्यगृहात माझे मन रमत नाही. धानाच्या बांध्यांत उतेऱ्याची, म्हणजे धान उभे असतानाच पेरलेली, लाखोळी आणि जवस टाकलेले असतात, त्यांना दुसरे पाणी नसते. जमिनीतली ओल आणि दव यांवरच ती पिके येतात. तिकडच्या माणसाला दवाचा त्रास होतो, परंतु त्याच्याविषयी तक्रार करताना मी कोणालाही ऐकले नाही.

काटोल

मी नागपुरात राहत नाही, पण संत्र्याची बाग असल्याने आठवड्यातून एखादी फेरी होतेच. आमचा अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा संत्र्याचा फुलोरा, पूर्णपणे या थंडीवर अवलंबून असतो. डिसेंबरात बागेचे पाणी तोडून झाडांना ताण देतात. पाण्याचा ताण आणि थंडी एकत्र लाभली की झाड विसावते, आणि पुन्हा पाणी दिल्यावर जानेवारीअखेरीपासून फुले येतात. बंगालच्या उपसागरातून ढग आले, मध्येच पाऊस झाला, की ताण तुटतो. फुलांऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते आणि वर्ष वाया जाते. तुरीचेही तसेच आहे. फुलोऱ्यात असताना दोन-तीन सकाळी धुवारी, म्हणजे दाट धुके, पडली, की खाली फुलांचा सडा दिसतो. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट असते, जिने २०१४ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यात फार मोठे नुकसान केले.

राजापूरच्या बंधूंनी लिहिलेले वाचून आश्चर्य वाटले, की समुद्राकाठचा आंबा आणि आमचा संत्रा दोघेही एकाच गोष्टीची वाट पाहतात. सध्या आमच्याकडे पहाटेची थंडी चांगली आहे आणि आकाश स्वच्छ आहे. असेच राहिले तर संक्रांतीच्या सुमारास बागेला पहिले पाणी देऊ. ढग आले तर आणखी आठवडाभर थांबावे लागेल.