कुंडलिनी योग: श्वास आधी की हालचाल आधी? मला चक्कर येतेय, सल्ला हवा (सोलापूर)

कटिंगमास्तर_41
सगळ्यांना नमस्कार. युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे, वय 41. दिवसाचे नऊ तास टेबलावर वाकून. पाठ म्हणजे परवाची कडक भाकरी झालीये, वाकवली तर मोडेल असं वाटतं. मेहुण्याने कुंडलिनी योगाचा एक व्हिडिओ पाठवला, तीन आठवडे झाले, रोज सकाळी गच्चीवर करतोय.

त्यात पहिलंच असं: मांडी घालून बसायचं, घोटे धरायचे, श्वास घेत छाती पुढे काढायची आणि सोडत पाठ मागे गोल करायची. व्हिडिओतली बाई हे इतक्या झपाट्याने करते की दुसऱ्या मिनिटाला माझ्या बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. परवा तर डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून खाली बसलो. बायको म्हणाली, योग करताय का अंगात आणताय?

मला कळत नाही की श्वासाप्रमाणे हलायचं का हालचालीप्रमाणे श्वास घ्यायचा. ती ज्याला ब्रेथ ऑफ फायर म्हणते ते आपलं कपालभातीच ना? आणि पाठीवर झोपून पाय उचलताना ती श्वास घ्यायला सांगते, जिमचा पोरगा म्हणतो जोर लावताना श्वास सोडा. कोणाचं ऐकू? जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला कोणी शिकवणारं असेल तर तेही सांगा.

सात_रस्ता
आधी बीपी तपासून घ्या मास्तर. बाकी सगळं नंतर.

गच्चीवरची_ताई
बीपीचं बरोबर आहे, पण मास्तरांचं वर्णन वाचून मला तरी नुसता जादा श्वासोच्छ्वास दिसतोय. मीही सुरुवातीला हेच केलंय. आता आठ वर्षं झाली.

भरभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. रक्तात तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून अंधारी. मुंग्याही तो कमी झाल्यामुळेच. कोणी सांगेल की शक्ती जागी होतेय, चालू ठेवा. ऐकू नका. थांबायचं, डोळे उघडे ठेवून साधा श्वास घ्यायचा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. श्वास आधी. आधी श्वास आत यायला लागतो, आणि तो आलाय हे जाणवलं की छाती पुढे जाते. फरक अर्ध्या क्षणाचाच, पण सगळं त्यातच आहे. तुम्ही बहुतेक शरीर आधी ढकलताय आणि श्वास मागून धावतोय, त्यामुळे तो वरच्यावर छातीतच राहतो. पुढे जाताना श्वास घ्यायचा कारण तेव्हा कणा ताठ होतो, फासळ्या उघडतात, हवेला जागा होते. मागे गोल झालात की पोट दाबलं जातं, छाती-पोटामधला पडदा वर सरकतो आणि हवा आपोआप बाहेर पडते. बळ लावावंच लागत नाही.

आठवडाभर व्हिडिओ बंद ठेवा. मनात चार मोजत पुढे, चार मोजत मागे, फक्त एक मिनिट. हनुवटी जमिनीला समांतर, डोकं मान टाकल्यासारखं हलवायचं नाही. शेवटी श्वास आत घेऊन पाच-सात सेकंद धरायचा, मूलबंध लावायचा (म्हणजे खालचे गुदद्वाराजवळचे स्नायू आवळून वर ओढायचे), मग सोडून गप्प बसायचं. हे गप्प बसणं लोक गाळतात. मला विचाराल तर अर्धा सराव तिथेच असतो. बीपी जास्त निघालं तर श्वास धरणं मात्र नको.

कपालभाती वेगळी. तिच्यात श्वास झटक्याने सोडायचा, आत तो आपोआप येतो. ब्रेथ ऑफ फायरमध्ये घेणं आणि सोडणं दोन्ही सारखं, नाकातूनच, सेकंदाला दोन ते तीन वेळा, आणि हलतं ते फक्त बेंबीच्या आसपास. छाती-खांदे हलले तर चुकलं. आपल्या भस्त्रिकेच्या (भात्यासारखा जोरात श्वास घेणं-सोडणं) जवळचं, पण तिच्याहून बरंच हलकं. गरोदरपणात, पाळीच्या पहिल्या दिवसांत, बीपी किंवा फिटचा त्रास असेल तर करत नाहीत.

आणखी एक. रात्री पाठीवर झोपून बेंबीवर घडी केलेला टॉवेल ठेवा, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. श्वास घेताना टॉवेल वर यायला हवा. खाली जात असेल तर तुमचा श्वास उलटा आहे, आणि उलट्या श्वासावर ब्रेथ ऑफ फायर चढवलं की कठडाच धरावा लागणार.

धोटा
मी 32 वर्षं मागावर होतो, पूर्व भागात. योगाचं मला फार कळत नाही, पण ताईंचं ते आधी-नंतर पटलं. मागावर ताण्याचे उभे धागे वर-खाली फाकतात, मधे वाट होते, मग आडवा धागा नेणारा धोटा सुटतो. वाट व्हायच्या आत सुटला की धागे तुटले म्हणून समजा, मग बसा गाठी मारत. श्वासाने वाट करायची, मग अंग सोडायचं, असं मी धरलं.

मागासारखी खटाखट करू नका फक्त. मागाला चक्कर येत नाही.

कटिंगमास्तर_41
काका, हे लगेच समजलं. ताई, टॉवेल ठेवून बघितला. खाली जातोय 😐

फिजिओ_होटगी_रोड
पाय उचलण्याबद्दल लिहिते. जिमवाला चुकीचा नाही. जोर लावताना श्वास सोडला की पोटाचे आतले स्नायू आवळतात आणि कंबरेला आधार मिळतो. दिवसभर वाकून काम करणाऱ्याने दोन्ही पाय एकदम सरळ उचलणं मला अजिबात मान्य नाही, श्वास कुठलाही असो. एक गुडघा दुमडून पाऊल जमिनीवर ठेवा, दुसरा पाय उचला, मग पाय बदला. कळ पायात उतरत असेल तर तेही बंद, आधी तपासणी.

गच्चीवरची_ताई
मान्य. त्या पद्धतीत पाय वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर, असंच शिकवतात, म्हणून व्हिडिओतली बाईही तिच्या जागी बरोबर आहे. पण मास्तरांच्या पाठीला आज ते नको. पिळ घेताना मात्र तिचं ऐका: हात खांद्यांवर, श्वास घेत डावीकडे, सोडत उजवीकडे. इथे कंबरेवर भार नाही, श्वासाला धरून हलणं पटकन अंगवळणी पडतं.

वाचन_वेडा
थोडं अवांतर. हे जे सेट लावून, वेळ लावून करायचं कुंडलिनी योग आहे, ते हरभजनसिंग उर्फ योगी भजन यांनी 1969 पासून अमेरिकेत शिकवलं, म्हणून सुरुवातीला ओंग नमो गुरुदेव नमो आणि मधे सत नाम हे त्यांच्या पद्धतीचे मंत्र. त्यांच्यावरच्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांची त्यांच्या मृत्यूनंतर चौकशी झाली, 2020 च्या अहवालात ते आरोप खरे असण्याचीच शक्यता जास्त असं म्हटलंय. व्यायाम करायला हरकत नाही, गुरू म्हणून फोटो लावायच्या आधी विचार करा. कुंडलिनी हा शब्द आपल्याला परका नाहीच, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिचं वर्णन आहे. पण तिथे आसन स्थिर करून बसायचंय, भराभर पुढे-मागे व्हायचं नाही. दोन्ही एकच समजू नका.

सात_रस्ता
शिकवणाऱ्याचं कोणी सांगेना की ओ.

गच्चीवरची_ताई
नाव सांगत नाही, कारण मी जिथे शिकले तिथे एका खोलीत चाळीस जण होते आणि शिक्षक माईकवर मोजायचे. माझा श्वास उलटा आहे हे चार महिने कोणाला दिसलंच नाही. फी मात्र वेळेवर दिसायची. क्लास शोधताना एकदा नुसतं जाऊन मागे बसा. शिक्षक लोकांच्या पोटाकडे बघतात का स्वतःच्या फोनकडे, बघा. आजार विचारतात का, बघा. पहिल्याच दिवशी सत क्रिया अकरा मिनिटं करायला लावली तर चपला घाला. ती वज्रासनात, हात वर, सत म्हणताना बेंबी आत, नाम म्हणताना सैल, दहा सेकंदांत साधारण आठ वेळा अशी चालते. श्वास मोजायचाच नसतो तिथे, तो आपला आपण बसतो. तीन मिनिटंही नवख्याला भरपूर, आणि नंतर शक्यतो त्याच्या दुप्पट वेळ आडवं पडायचं.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर साडेसहाच्या आत उरका. तापलेल्या गच्चीवर आणि पोटात पोहे असताना यातलं काहीच नको.

कटिंगमास्तर_41
बारा दिवसांनी लिहितोय. बीपी 128/82, डॉक्टर म्हणाले ठीक. व्हिडिओ बंद. टॉवेल नवव्या दिवशी वर यायला लागला, बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली दिवा लावा आणि झोपा, काय ते एक करा.

पुढे-मागे आता चार-चार मोजून दोन मिनिटं. मुंग्या नाहीत. मधेच घाई झाली की छाती आधी पळते, ते आता माझं मलाच कळतं. पाठ अजून भाकरीच आहे, पण आजची. ब्रेथ ऑफ फायरला हात लावलेला नाही. उद्या पाण्याचा दिवस, पहाटे साडेचारला नळ येतो, त्यामुळे उद्याचा सराव बुडाला.

धोटा
टाकी भरेपर्यंत बादलीशेजारी बसूनच असता की ओ. तेवढ्यात होतात दोन मिनिटं.