शब्दचर्चा: 'वारस' आणि 'वंशज' एकच का? (डेव्हनच्या अर्लची भानगड)

मंडळी, एका अनुवादात अडकलोय, मदत करा. विषय आहे इंग्लंडच्या एका सरदारी किताबाचा, अर्ल ऑफ डेव्हन. मूळ मजकुरात हा किताब एका पानावर 'एक्स्टिंक्ट' आहे, पुढच्या पानावर 'डॉर्मंट' आणि शेजारच्या चौकटीत दुसऱ्याच कुठल्या तरी घराण्याचा किताब 'अबेयन्स'मध्ये आहे. आधीच्या अनुवादकाने तिन्ही ठिकाणी 'रद्द झाला' असं लिहून मोकळं केलंय. मी म्हटलं असं कसं चालेल, कारण सगळी गोष्टच या शब्दांवर उभी आहे, 'रद्द झाला' आणि मग २७५ वर्षांनी परत मिळाला असं वाचलं तर वाचक म्हणेल रद्द झालेलं परत कसं मिळालं?

थोडक्यात गोष्ट सांगतो. एडवर्ड कोर्टनी नावाचा मुलगा. बापाचं डोकं आठव्या हेन्रीने उडवलं आणि पोराला १५३८ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये टाकलं, तेव्हा तो साधारण बारा वर्षांचा. बाहेर आला १५५३ मध्ये, मेरी राणी गादीवर आल्यावर. म्हणजे पंधराएक वर्षं आत. राणीने लगेच त्याला अर्ल ऑफ डेव्हन केलं, सप्टेंबर १५५३. तिच्याशी त्याचं लग्न होणार अशाही वावड्या होत्या, मग एका बंडात नाव आलं, देशाबाहेर पाठवला आणि १५५६ मध्ये इटलीत पादुआला वारला. लग्न नाही, मूल नाही. सगळे म्हणाले संपला किताब.

पण सनद लॅटिनमध्ये होती आणि तिच्यात किताब त्याला 'आणि त्याच्या पुरुष वारसांना' असं लिहिलं होतं. एरवी अशा सनदेत 'त्याच्या शरीरापासून झालेल्या पुरुष वारसांना' असं असतं. ते 'शरीरापासून' नेमकं नव्हतं. १८३१ मध्ये कोर्टनींच्या लांबच्या शाखेने हाच मुद्दा धरून हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर दावा लावला आणि जिंकला.

तर प्रश्न दोन. एक, हे 'शरीरापासून झालेले' मराठीत कसं म्हणायचं? दोन, त्या तीन शब्दांना तीन वेगळे मराठी शब्द कोणते?

——

पहिल्या प्रश्नाला 'औरस' हा आयता शब्द आहे. उरस् म्हणजे छाती, औरस म्हणजे स्वतःच्या छातीतून, स्वतःच्या देहापासून झालेला. त्यांनी बॉडी म्हटलं, आपण छाती म्हटलं, कल्पना तीच. मनुस्मृतीत मुलांचे बारा प्रकार आहेत, औरस, क्षेत्रज, दत्तक, कृत्रिम, कानीन, क्रीत वगैरे, त्यात औरस पहिला. तेव्हा 'औरस पुरुष वारस' लिहा आणि झोपा.

——

>> औरस पुरुष वारस लिहा आणि झोपा

झोपता येणार नाही साहेब. आज 'औरस' वाचलं की वाचकाच्या डोक्यात 'अनौरस'च्या उलटा एवढंच येतं, म्हणजे लग्नाच्या बायकोचा. शरीराचा अर्थ कधीच गळून गेलाय. मग वाचकाला वाटेल की राणीच्या सनदेत औरस शब्द नव्हता म्हणजे अनौरस पोरांनाही किताब मिळणार होता! तसं अजिबात नाहीये. आणि दुसरं म्हणजे औरस हे मुलाबद्दल म्हणतात. खापरपणतूला कोणी औरस म्हणत नाही.

——

मला वाटतं उत्तर तुमच्या शीर्षकातच आहे. वारस आणि वंशज.

वंश म्हणजे मुळात बांबू, आपला वेळू. एका पेरावर दुसरं पेर, सरळ वर. वंशज म्हणजे त्या सरळ रेषेतला, मुलगा, नातू, पणतू. चुलतभाऊ तुमचा वंशज होऊ शकत नाही, कितीही जवळचा असला तरी. वारस अरबीतून आला, वारिस, मिरास पण त्याच धातूतली, आपला मिरासदार तिथलाच. वारस म्हणजे मागे राहिलेलं ज्याला मिळतं तो. तो मुलगा असेल, बायको असेल, पुतण्या असेल, कोणी नसलं तर सात पिढ्या लांबचा भाऊबंद असेल.

म्हणजे बघा, १८३१ चा सगळा खटला मराठीत एका ओळीत बसतो: किताब वंशजांना दिला होता की वारसांना? एडवर्डला वंशज नव्हते, वारस होते. एवढंच.

आपल्याकडे पेपरवाले 'अमक्यांचे वारस' आणि 'अमक्यांचे वंशज' बिनधास्त अदलाबदल करून लिहितात, त्यामुळे धार गेलीये. पण तलाठ्याकडे जा, तिथे वारस नोंद असते, वंशज नोंद नसते. आमच्या आत्याआजीला मूलबाळ नव्हतं, तिच्या तुकड्यावर वारस नोंद लागली तेव्हा आम्ही कधी तोंड न बघितलेले तीन भाऊबंद कागद घेऊन हजर. त्यांना कोणी वंशज म्हणेल का? पण वारस होतेच.

——

ताई, एक नंबर. भाऊबंदांवरून आठवलं, या केसमधला भाऊबंद किती लांबचा होता ते धागाकर्त्यांनी सांगितलंच नाही. दावा लावणाऱ्या शाखेचा, म्हणजे पाउडरहॅमच्या कोर्टनींचा, आणि एडवर्डचा समाईक पूर्वज म्हणजे ह्यू कोर्टनी (एडवर्डच्या सनदेच्या आधीच्या जुन्या क्रमातला दुसरा अर्ल), तो वारला १३७७ मध्ये! म्हणजे एडवर्डच्या आधी पावणेदोनशे वर्षं शाखा फुटलेली.

आणि खरी गंमत तर पुढेच. दावा ज्याच्या नावाने होता तो तिसरा व्हायकाउंट कोर्टनी, तेरा बहिणींचा एकुलता एक भाऊ, अविवाहित, बदनामीमुळे इंग्लंड सोडून पॅरिसला राहिलेला. त्याला या सगळ्यात किती रस असणार! धावपळ केली त्याच्या चुलत घराण्यातल्या विल्यम कोर्टनीने, जो हाउस ऑफ लॉर्ड्सच्याच दफ्तरात वरच्या हुद्द्यावरचा कारकून होता. कागद कुठे आहेत, कसे वाचायचे, त्याला बरोबर माहिती. कारण पॅरिसवाल्याच्या मागे तोच होता रांगेत.

१८३५ ला पॅरिसवाला वारला. त्याच्याकडे दोन किताब. व्हायकाउंट हा १७६२ चा, त्या सनदेत 'शरीरापासून' होतं, म्हणजे ताईंच्या भाषेत वंशजांपुरता. तो तिथेच संपला. अर्ल हा वारसांसाठी, तो चुलत घराण्याकडे, म्हणजे दफ्तरातल्या विल्यमकडे. एक माणूस मेला, एक किताब त्याच्याबरोबर गेला आणि दुसरा राहिला. यापेक्षा चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकात टाकायला मिळणार नाही.

——

मेल्यावर अर्ल झालेले पण मोजा की. १८३१ च्या निकालानुसार किताब कधी संपलाच नव्हता, म्हणून मधल्या सगळ्या कुटुंबप्रमुखांना मागून नंबर मिळाले. दुसरा ते आठवा, सात जण, जिवंतपणी एकालाही पत्ता नाही की आपण अर्ल आहोत. त्यात एक फ्रान्सिस सोडला तर बाकी सगळे विल्यम.

——

मी थोडा मिठाचा खडा टाकतो. तो १८३१ चा निकाल बरोबरच होता असं समजू नका. १८६९ मध्ये स्क्रोप घराण्याने अर्ल ऑफ विल्टशरच्या किताबावर असाच दावा लावला, तो किताब १३९७ चा, सनदेत तसंच 'पुरुष वारस', शरीराचा उल्लेख नाही. तेव्हा लॉर्डांची समिती म्हणाली असा मोघम वारसा किताबाला चालतच नाही, आणि डेव्हनचा निकाल आम्हाला पटत नाही हेही सांगून टाकलं. स्क्रोप हात हलवत परत. पण डेव्हनवाल्यांचा किताब काही काढून घेतला नाही, मिळाला तो मिळाला. म्हणजे तेच शब्द, अडतीस वर्षांत दोन अर्थ. तेव्हा 'वारस म्हणजे हे आणि वंशज म्हणजे ते, एवढंच' हे ताईंचं वाक्य जरा सांभाळून. सनद लिहिणाऱ्याला वारस लिहिताना वंशज म्हणायचं नव्हतं कशावरून?

——

मान्य. शब्दाचा अर्थ मी सांगितला, लिहिणाऱ्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही, ते लॉर्डांनाही जमलं नाही म्हणता ना.

——

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळेना म्हणून मी वळतो. शाळेतला भूगोल आठवा. जागृत, निद्रिस्त आणि मृत ज्वालामुखी. इंग्रजीत ज्वालामुखीला डॉर्मंट आणि एक्स्टिंक्टच म्हणतात. मग निद्रिस्त किताब, मृत किताब. झालं काम.

——

>> निद्रिस्त किताब

कानाला विचित्र लागतं, किताब घोरतोय असं वाटतं. (आपला किताब म्हणजे मुळात खिताब, पुस्तकाचा किताब वेगळा, पण ते असू दे.) वतनाच्या भाषेतून शब्द घ्या ना, आपल्याकडे ढीग पडलेत. वंश बुडाला, वतन बुडालं, म्हणून एक्स्टिंक्ट म्हणजे 'बुडालेला'. डॉर्मंट म्हणजे मालक आहे पण कसत नाही, म्हणून 'पडीक'. सरकारने काढून घेतला, एडवर्डच्या बापाचा घेतला तसा, तर 'खालसा'.

——

पडीक किताब? पडीक म्हटलं की मला मोडका वाडा दिसतो. नको.

पण अबेयन्सला शेतीतलाच शब्द बसतो बघा. काही जुने बॅरन किताब मुलीकडेही जातात. पण मुलगे नसतील आणि मुली दोनतीन असतील तर त्यांच्यात थोरली-धाकटी मानत नाहीत, सगळ्यांचा हक्क सारखा. आता जमिनीची वाटणी होईल, किताबाची कशी करणार? मग तो कोणालाच मिळत नाही, बहिणींच्या वंशजांत तसाच राहतो, एकच शाखा उरेपर्यंत किंवा राजा त्यातल्या एकाला उचलून देईपर्यंत. हा शंभर टक्के सामाईक सातबारा आहे! नावं सगळ्यांची, कसायला कोणीच नाही. ग्रे ऑफ कॉडनर हा किताब असा १४९६ पासून १९८९ पर्यंत पडून होता, ४९३ वर्षं. मध्यंतरी १९२६ मध्ये लॉर्डांच्या समितीने नियम सुचवला की शंभर वर्षांपेक्षा जास्त पडून असलेला किताब उठवायचा नाही, पण ग्रे ऑफ कॉडनरवाल्यांचा अर्ज त्याआधीचा होता म्हणून बसला नियमात.

तर 'सामाईकात पडलेला' माझ्याकडून.

——

सामाईकात पडलेला हे भारी आहे. सरकारी अनुवादात 'स्थगित' लिहितील आणि वाचकाला वाटेल कोर्टाने स्टे दिलाय.

——

खालसा शब्द निघालाच आहे तर साताऱ्याकडे वळल्याशिवाय राहवत नाही. १८४८ ला साताऱ्याचे अप्पासाहेब वारले, मरण्याआधी दत्तक घेतला होता. कंपनीने काय केलं, दत्तक खाजगी मालमत्तेपुरता मान्य, राज्याला नाही. राज्य खालसा. इंग्रजीत त्या धोरणाचं नाव 'लॅप्स', म्हणजे गळून पडलं, आपोआप पडलं, आम्ही काही घेतलं नाही! मराठीने बरोबर ओळखलं आणि 'खालसा केलं' म्हटलं. कर्ता आहे त्या वाक्यात. लॅप्समध्ये कर्ताच नाही.

आणि हे धोरण राबवणारा डलहौसी स्वतः कोण? स्कॉटलंडच्या डलहौसी घराण्याचा दहावा अर्ल. १८४९ ला त्याला वर मार्क्वेस केलं. १८६० मध्ये वारला तेव्हा दोन मुली, मुलगा नाही. मार्क्वेस किताब बुडाला. अर्ल किताब मात्र बुडाला नाही, तो १६३३ चा, गेला सरळ चुलतभावाकडे, फॉक्स मॉल नावाच्या. दिसायला कोर्टनींसारखंच, पण इथे दोन्ही वेळा वंशजच: मॉल हा १६३३ च्या पहिल्या अर्लचा वंशज होता, १८४९ च्या मार्क्वेसचा नव्हता. म्हणजे स्वतःच्या घरात मुलगा नसताना चुलतभाऊ चालला, साताऱ्यात दत्तक मुलगा चालला नाही.

——

इतका सरळ हिशोब नाही हो. त्यांच्या किताबाला दत्तक मुलगा आजही चालत नाही, आणि सातारा हे राज्य होतं, किताब नव्हता. तुलना करायला हरकत नाही पण फरक सांगून करा. डलहौसीची बाजू घेत नाहीये, गैरसमज नको.

——

फरक मान्य, राग कायम.

——

औरसवर परत येते. वर कोणी म्हणालं की औरसचा अर्थ आता फक्त 'लग्नाचा' एवढाच उरलाय, तर त्या अर्थानेही इंग्लंडात एक खटला झालाय आणि तो आपल्या माणसाचा आहे. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये बॅरन सिन्हा ऑफ रायपूर झाले (हे रायपूर बंगालमधलं, छत्तीसगडचं नाही). १९२८ ला वारले. मुलाने किताब मागितला तर प्रश्न असा आला की आईवडिलांचं लग्न १८८० चं, हिंदू पद्धतीचं, आणि तेव्हाच्या हिंदू कायद्यात पुरुषाला दुसरी बायको करता येत होती, मग हे लग्न इंग्लिश कायद्याच्या नजरेत लग्न आहे का, आणि मुलगा औरस आहे का? त्यांनी दुसरी बायको केली नव्हती, नुसती करता आली असती म्हणून हा घोळ. शेवटी १९३९ मध्ये लॉर्डांनी मान्य केलं. दांपत्य १८८६ मध्ये ब्राह्मो समाजात गेलेलं, तिथे एकच बायको, आणि मुलगा १८८७ चा, हेही कामाला आलं. अकरा वर्षं गेली एका 'औरस'मध्ये.

——

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद ताई.

अवांतर: डेव्हनचे अर्ल आणि डेव्हनशरचे ड्यूक वेगळे का, हे मला आत्ता कळलं. डेव्हनचा किताब बुडाला समजून १६१८ मध्ये कॅव्हेंडिश घराण्याला अर्ल ऑफ डेव्हनशर केलं, पुढे १६९४ मध्ये ड्यूक. नंतर १८३१ मध्ये जुनाच जिवंत निघाला. एका जिल्ह्याचे दोन मानकरी, आणि त्यातले ड्यूक राहतात डर्बीशरमध्ये. अनुवादात एक 'शर' गाळला की घराणंच बदलतं, सांभाळा.

——

बाप रे, मी दोन ठिकाणी 'डेव्हनशरचा अर्ल' लिहून बसलोय. आत्ताच दुरुस्त करतो.

सध्या ठरवलंय ते असं: 'बुडाला', 'निद्रिस्त' (पडीक मलाही वाडाच दाखवतं, सॉरी) आणि 'सामाईकात पडला'. सनदेसाठी 'वारस' आणि 'वंशज', पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात फरक सांगून. संपादकबाईंना पाठवलं, 'सामाईकात पडला' वाचून हसल्या पण खोडलं नाही.

आता एकच राहिलंय. कोर्टनींचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे, 'उबी लाप्सुस, क्विद फेची'. शब्दशः 'कुठे पडलो, काय केलं मी?' यातला लाप्सुस म्हणजे वरच्या लॅप्सचाच बाप. 'पडलो' म्हणू, 'चुकलो' म्हणू की 'घसरलो'?

——

'कुठे चुकलो, काय केलं मी?' चुकलो घ्या. पडलेला माणूस एवढं बोलत नाही.