काम गेलं, घर बदललं, माणूस गेलं... त्या दिवसांत प्रभू कुठे होता? (अनुभव धागा)

सर्वांना येशूच्या नावाने सलाम.

मंडळीत साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण बहुतेकदा शेवटच सांगतो. नोकरी लागली, आजार बरा झाला, प्रभूची स्तुती असो. ते खरंच असतं आणि ऐकून आनंद होतो. पण मधले दिवस कोणी सांगत नाही. जुनं हातातून गेलेलं असतं, नवं अजून दिसत नसतं आणि प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत. त्या दिवसांबद्दल इथे लिहावं अशी विनंती आहे. चमत्कार झाला नसेल तरी लिहा. प्रश्न अजून सुटला नसेल तरी लिहा.

सुरुवात मी करतो.

एकाच ठिकाणी 19 वर्षं नोकरी केली. वयाच्या 47व्या वर्षी एका दुपारी बोलावून सांगितलं की तुमचा विभाग बंद होतोय. पहिले दोन महिने माझी प्रार्थना म्हणजे अर्जांची यादी होती. प्रभू, ही जागा दे, नाहीतर ती दे. मग यादीच संपली. त्या सुमारास बायबलातल्या निर्गमाचा 33वा अध्याय वाचायला घेतला. इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं, त्या प्रकरणानंतर देव त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला म्हणतो, देश देतो, पुढे दूतही पाठवतो, पण मी स्वतः तुमच्यामध्ये येणार नाही. म्हणजे हवं होतं ते सगळं मिळणार होतं. दुधामधाचा देश, वाटेतल्या शत्रूंचा बंदोबस्त. मोशे मात्र अडून बसतो. तू स्वतः येणार नसशील तर आम्हाला इथून नेऊच नकोस.

लहानपणापासून ऐकलेला प्रसंग, पण त्या दिवशी मला माझीच प्रार्थना ऐकू आली. मी दूतावर राजी होतो. नोकरी मिळाली असती तर प्रभू बरोबर आला की नाही हे मी विचारलंही नसतं.

त्यानंतर लगेच काम मिळालं असं नाही. आणखी सहा महिने गेले, आणि मिळालं तेही कमी पगाराचं. पण सकाळची प्रार्थना बदलली. 'आज माझ्याबरोबर राहा' एवढंच म्हणून उठायचो. संध्याकाळी मी दाराच्या पायरीवर बसलो की बायको शेजारी येऊन बसायची. काही विचारायची नाही. आता वाटतं, सकाळी मागितलेलं रोज संध्याकाळी तिथे येऊन बसत होतं.

* * *

बदलीच्या नोकरीतलं घर

दादा, विषय काढलात ते बरं केलं. माझे यजमान बदलीच्या नोकरीत आहेत. 14 वर्षांत आमची 6 घरं झाली. पहिल्या तीन बदल्यांत मी रडून घेतलं, चौथ्या वेळी रडूही येईना. पुस्तकांचं एक खोकं तर दोन घरं मी उघडलंच नाही. कशाला, पुन्हा बांधायचंच आहे. नव्या मंडळीत मागच्या बाकावर बसायचं आणि कोणी नाव विचारेपर्यंत वाट बघायची. धाकटी तर एकदा म्हणाली, आई, आता मी मैत्रीण करणार नाही.

मला आधार मिळाला तो गणनाच्या 9व्या अध्यायात. हा अध्याय फारसा कोणी वाचत नाही. इस्राएल लोक रानातून प्रवास करत होते. त्यांच्या उपासनेच्या तंबूवरचा, म्हणजे निवासमंडपावरचा ढग ही देवाच्या सोबतीची खूण. तो कधी एका रात्रीपुरता थांबे, कधी दोन दिवस, कधी महिना, कधी त्याहूनही जास्त. तो उठला की निघायचं, थांबला की तळ द्यायचा. किती दिवस, ते आधी कोणाला सांगितलेलं नसे. मी तिथल्या बायकांचा विचार करत बसले. एका रात्रीसाठी त्यांनी सगळं सामान सोडलं असेल का? पोरांना काय सांगितलं असेल? पण एका रात्रीच्या मुक्कामावरही ढग तितकाच होता, वर्षभराच्या मुक्कामावर होता तेवढाच.

त्यानंतर मी सगळी खोकी पहिल्याच आठवड्यात उघडू लागले. पडदे लावते. झाड लावते, त्याची फुलं पुढच्या भाडेकरूनं पाहिली तरी चालतील. यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातही हेच आहे: घरं बांधा, मळे लावा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आपण त्यातलं 29:11 तेवढं भिंतीवर लावतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत ते. त्याच्या अगदी वरच्या वचनात परत आणण्याआधी 70 वर्षं जातील असं लिहिलं आहे. ते पत्र ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना परत जाणं दिसणारच नव्हतं, तरी अभिवचन त्यांच्याच नावे आलं. हे पचायला मला वेळ लागला, पण आता 11व्या वचनापेक्षा 'घरं बांधा' म्हणणारं 5वं वचन माझं जास्त जवळचं आहे.

* * *

पुढच्या शिक्षणाचं दार बंद झालेला एक जण

मी थोडक्यात लिहितो. दोनदा नकार आला, दोन्ही वेळा मी उपास करून प्रार्थना केली होती. आमच्या पाळकांनी प्रेषितांची कृत्ये 16 वाचायला सांगितलं. प्रेषित पौलाला आसिया प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्म्यानंच मना केलं, बिथुनियात जाऊ दिलं नाही, आणि तो त्रोवसला येऊन थांबला. पुढे कुठे जायचं हे दाखवणारा दृष्टान्त तिथे, रात्री. त्याआधीच्या वाटेवर त्याला 'नाही' एवढंच कळलं होतं. मी सध्या त्रोवसच्या अलीकडे कुठेतरी आहे. चालतोय.

* * *

पाच महिन्यांच्या बाळाची आई

बाळ झाल्यावर सगळे म्हणाले, देवाचं दान. दानच आहे. पण माझी पहाटेची प्रार्थना गेली, वाचन गेलं, आणि मी प्रभूपासून लांब गेले असं वाटून रात्री रडायचे. एका काकूंनी एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवून दिली. तो झुडपाखाली मरण मागत पडलाय, आणि देवदूत त्याला ना रागावतो, ना उपदेश करतो. ऊठ, खा म्हणतो. तो खाऊन पुन्हा झोपतो, त्यालाही दूत काही बोलत नाही. पुन्हा उठवून खायला देतो, कारण वाट फार लांबची आहे. काकूंनी बाळाला घेतलं आणि मला म्हणाल्या, तू झोप. त्या दुपारी मी तीन तास झोपले. तीच माझी त्या आठवड्याची उपासना, असं मी मनापासून मानते.

* * *

चार वर्षांपूर्वी पती गेले त्या काकू

मुलांनो, वाचते आहे सगळ्यांचं. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

हे 11 दिवस दवाखान्यात होते. बारावा दिवस उजाडला तो माझा एकटीचा. पुढे महिनाभर लोक येत राहिले. देवाची इच्छा म्हणाले, ते चांगल्या ठिकाणी आहेत म्हणाले. त्यांच्या मनात प्रेमच होतं. पण असं कोणी बोललं की मला अजून खोल गेल्यासारखं व्हायचं. तुम्हाला सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या दिवसांत वचनं सांगू नका, जवळ बसा.

मंडळीत गीत सुरू झालं की माझा आवाज फुटत नसे. 38 वर्षं ते माझ्या डाव्या हाताला उभे राहून गायचे. शेजारची बहीण गीतांचं पुस्तक माझ्यापुढे धरून ठेवायची आणि स्वतः गायची. जवळजवळ वर्षभर तिनं ते धरलं. माझ्या वाटचं ती गात होती.

त्या काळात मला एकच स्तोत्र वाचता यायचं, 88वं. दुःखाची बाकीची स्तोत्रं बहुतेक शेवटाकडे वळण घेतात, स्तुती येते. हे वळतच नाही. अंधारावर संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. माझ्यासारखीचं तोंड देवानं बंद केलं नाही, उलट तिची प्रार्थना लिहून ठेवली. मला एवढं पुरे होतं.

आता खरी गोष्ट. मला रोजनिशी लिहायची सवय आहे. वर्षश्राद्धासारखा आमच्यात विधी नसला तरी वर्ष भरलं त्या दिवशी मी ती उघडून बसले. पानामागून पान 'आज कोणी नाही', 'एकटीच'. आणि त्याच पानांवर खाली दुसऱ्या ओळीत: बहीण आली, पासबुकावरचं ह्यांचं नाव कमी करायला बरोबर आली, फॉर्मवर कुठे सही करायची ते दाखवलं. पुन्हा पुढच्या शनिवारी बहीण आली. मी मोजलं, 41 शनिवार. एकाही पानावर मला ते विसंगत वाटलं नव्हतं.

मग रूथच्या पुस्तकातली नामी आठवली, परदेशात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली. बेथलेहेमात परतल्यावर ती बायकांना सांगते, मी भरलेली गेले आणि परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. हे ती बोलते तेव्हा तिच्याबरोबर आलेली सून रूथ तिच्या शेजारी उभी आहे. नामीला ती दिसत नाही. तिला दोष कसा देऊ? मलाही नव्हती दिसली.

* * *

संडेस्कूलचे निवृत्त शिक्षक

31 वर्षं रविवारी मुलांना शिकवलं. गेल्या वर्षी डोळ्यांनी साथ सोडली, वर्ग एका तरुण मुलीकडे दिला आणि आम्ही मुलाच्या घरी राहायला आलो. किल्ल्या दुसऱ्याच्या हातात देणं सोपं नसतं. जिना चढताना नातू हात धरतो, पहिले काही दिवस मी तो सोडवून घ्यायचो.

यशयाचा 46वा अध्याय मी पाठ शिकवला होता, पण स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता. सुरुवातीला बाबेलचे देव बेल आणि नबो, म्हणजे त्यांच्या मूर्ती, थकलेल्या जनावरांच्या पाठीवर ओझं होऊन चाललेले आहेत. त्यांना वाहून न्यावं लागतं. लगेच पुढे परमेश्वर म्हणतो की तुमच्या जन्मापासून मी तुम्हाला वाहिलं आणि केस पिकेपर्यंत मीच वाहीन. सगळा अध्याय या एका शब्दावर उभा आहे, कोण कोणाला वाहतो. मी इतकी वर्षं समजत होतो की प्रभूचं काम मी वाहतोय.

आता नातवाचा हात धरतो. संध्याकाळी तोच मला अध्याय वाचून दाखवतो, कठीण नावांशी अडखळला की मी सांगतो.

* * *

तीन वर्षं वाट बघणारा

सर्वांचं वाचलं. काकू, तुमचं दोनदा वाचलं. माझा धाकटा भाऊ तीन वर्षं मनाच्या आजारानं घरात बसून आहे. औषधोपचार चालू आहेत. आईवडील थकले. मला मागे वळून पाहण्याजोगं अजून काही नाही, कारण मी अजून त्यातच आहे. प्रभू जवळ आहे असं मी मानतो. जाणवत मात्र नाही. इथे लिहायला माझ्याकडे साक्ष नाही, तरी लिहितोय.

* * *

काकूंचं उत्तर

बाळा, तुझं लिहिणं या धाग्यात हवंच होतं. येशू पुन्हा उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर त्याचे दोन शिष्य येशूशीच बोलत होते आणि त्यांना कळत नव्हतं. तोंडं उतरलेली होती, तरी तो त्यांच्याबरोबर पावलं टाकत होता.

मी रोज रात्री साडेनऊला प्रार्थनेला बसते. आजपासून तुझा भाऊ माझ्या प्रार्थनेत आहे. नाव सांगितलं नाहीस तरी चालेल. आणि तुला जेव्हा शब्द सुचणार नाहीत, तेव्हा तू नुसता बस. पुस्तक मी धरते.