मदत हवी आहे: चिलटांच्या बॅकक्रॉसमध्ये १:१ येत नाहीये (इमिडाक्लोप्रिड कीटकनाशक, सिप६जी१ जनुक)

नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्र, प्रबंध द्यायला तीन आठवडे उरलेत.

आधीच सांगते, 'फळमाशी' म्हटलं की लोक आंब्याचे सापळे सुचवतात. माझी ती नव्हे. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं, ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर.

नाशिकजवळ द्राक्षबागेच्या कडेला सडक्या घडांच्या ढिगावरून एक मादी धरली आणि भावाबहिणींचे संकर लावत १० पिढ्या नेल्या. या ओळीत सगळ्यांना पीसीआर (डीएनए तपासणी) केली की सिप६जी१ जनुकाच्या अलीकडे अ‍ॅकॉर्ड या तुकड्याची पट्टी येते. २००२ मध्ये डॅबॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला डीएनएचा उडता (जागा बदलणारा) तुकडा तो हाच: तो घुसला की जनुक जोरात चालतं आणि माशी डीडीटीला दाद देत नाही. इमिडाक्लोप्रिडलाही नाही, आणि ते औषध तर डीडीटीच्या कितीतरी वर्षांनंतर बाजारात आलं!

ओळ × कॅन्टन-एस (औषधाला बळी पडणारी प्रयोगशाळेतली ओळ) करून एफ१, म्हणजे पहिली संकरित पिढी, काढली. मग बॅकक्रॉस: एफ१ नर × व्हर्जिन (नराशी अजून न मिळालेल्या) कॅन्टन-एस माद्या. औषध खाद्यात कालवलं, नळीत ५० अंडी, शेवटी बाहेर आलेल्या माशा मोजायच्या. मात्रा अशी की कॅन्टन-एसची एकही वाचत नाही. त्या नळ्यांत खाद्य गुळगुळीतच राहतं, अळ्यांनी उकरून पातळ केलेलं दिसतच नाही.

जनुक एकच असेल तर निम्म्या वाचायला हव्यात ना? येतात ३० टक्क्यांच्या आसपास, तिन्ही वेळा. वाचलेल्या सगळ्यांत अ‍ॅकॉर्डची पट्टी आहे. गाईड म्हणतात, "दुसरं जनुक असणार, तसं लिहून टाक." मला पटत नाही.

उत्तर: याच मात्रेला एफ१ किती वाचतात? औषधाविना किती?

धागाकर्ती: औषधाविना कुठल्याही संकरात ५० पैकी ४४-४५. औषधावर मूळ ओळ जवळजवळ तितकीच, एफ१ मात्र ६० टक्के.

उत्तर: मग झालं की! अपेक्षा ५० टक्क्यांची नाही, ६० च्या निम्म्याची. जनुकाच्या एकाच प्रतीचं संरक्षण या मात्रेला अपुरं पडतंय. दुसऱ्या जनुकाच्या मागे लागू नका.

खरी अडचण पुढे आहे. तुम्ही एफ१ नर वापरलेत, आणि ड्रोसोफिलाच्या नरात क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल) होत नाही. म्हणजे सिप६जी१ ज्यावर आहे ते क्रमांक दोनचं गुणसूत्र अख्खंच्या अख्खं खाली उतरलं. पट्टी दिसली म्हणजे गुणसूत्र तुमच्या ओळीचं, एवढंच. प्रतिकार त्या गुणसूत्रावर आहे म्हणा. सिप६जी१ मुळेच आहे असं लिहिलंत तर तोंडी परीक्षेत परीक्षक धरतील. मादीत ही अदलाबदल होते, म्हणून एफ१ मादी × कॅन्टन-एस नर लावा. आणि औषधाविना वाढलेल्या बॅकक्रॉसचाही पीसीआर करा. तिथे पट्टी निम्म्यांत आली, तरच निवड औषधाने केली म्हणता येईल.

धागाकर्ती: अरे देवा, नरात क्रॉसिंग ओव्हर नाही हे बीएस्सीला घोकलं होतं. एफ१ च्या दोन बाटल्या अजून आहेत, कोषही काळपट झालेत. आज सगळ्या माशा झटकून बाटल्या १८ अंशांना ठेवते, उद्या सकाळी व्हर्जिन वेचते. इतक्या उशिरा लावून २५ अंशांना दहा-बारा दिवसांत पिढी निघेल ना?

उत्तर: निघेल. अंडी मात्र पहिल्या दोन दिवसांतच घ्या.