नोंद वाचता आली पाहिजे

दादा, आरोग्य विम्याच्या दाव्यांचं विश्लेषण म्हणजे नुसतं एक्सेल अन् एसक्यूएल (माहितीच्या साठ्यातून हवं ते काढायची संगणकाची भाषा) एवढंच का, असं तुम्ही विचारलंत. नाही हो. मी आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावातूनच एका नव्या कंपनीसाठी हे काम करतो. साधनं काही महिन्यांत हाताशी येतात, दाव्यातली आजाराची नोंद वाचायला मात्र वेळ लागतो.

सिकलसेलचंच घ्या, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आयसीडी-१० म्हणजे आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी; तिच्यात त्याचा कोड डी५७. त्यातला डी५७.० म्हणजे या आजाराचा, बहुधा तीव्र वेदनांचा, झटका आलेला रुग्ण, डी५७.३ म्हणजे फक्त वाहक, ज्याला स्वतःला आजार नसतो. एकाच पोराचे वर्षात चार दावे आले की आमची प्रणाली त्यावर संशयाची खूण करायची. पण हे झटके पुन्हा पुन्हा येतात! आपल्या विदर्भात ज्यानं असं लेकरू रात्रभर हातपाय दुखून रडताना पाहिलंय, त्याला हे सांगावं लागत नाही. तो नियम बदलून घ्यायला मी तीन महिने भांडलो, अन् त्याचं मला आजही समाधान आहे.

सर्पदंशाचंही तसंच. पावसाळ्यात, शेतीच्या हंगामात ते दावे वाढणारच; त्यात घोटाळा शोधू नये.

शिकायचं असेल तर आधी कोडची यादी वाचा. अन् इन्व्हर्टर घ्या, लाइनचा भरवसा नाही.